सुकतीचा गजर

मीठबंदर रोडला, झेरॉक्सच्या दुकानाला चिकटून
माझं साडेतीन फुटांचं टेबल.
सेल, पट्टा, काच. चावीची घड्याळं वर्षाला दोन.
सकाळी नऊला भानूबाय नाखवा आली,
टोपली खाली ठेवली
आणि काळं, जाड घड्याळ काचेवर आपटलं:
"यो घड्याल खोटा बोलतं रं."

भाच्यानं दुबईहून धाडलेलं.
दोनशे मीटर खोल पाण्यात चालतं म्हणे.
तिच्या खाडीत सुकतीला गुडघाभर पाणी,
बाकी सगळा गाळ.

मी भिंग डोळ्याला लावलं.
कोपऱ्यात चंद्राचा वाटाण्याएवढा गोळा,
उजवीकडून कुरतडलेला,
त्याखाली भरतीची नागमोडी रेघ, टोकाला चढलेली.
"पानी उतरतंय, नि यो म्हनतं भरलं.
चांद मातर बराबर हाय.
चांदाचं काय, तो तिथं पन तोच."

डावं खालचं बटण दाबून धरलं.
गाव लुकलुकायला लागलं: दुबई.
पुढं कराची. पुढं एकदम दिल्ली.
मुंबई यादीतच नाही, ठाण्याचं तर सोडा.
"दिल्ली ठेवू?"
ती मोठ्यानं हसली, झेरॉक्सवाला वळून बघेपर्यंत.
"दिल्लीला कनची खाडी?"

रेखांश हातानं घातला, त्र्याहत्तर पूर्व.
मग घड्याळानं जे विचारलं, ते मला येईना:
चंद्र माथ्यावर आल्यापासून
तुमच्याकडे पाणी भरायला किती वेळ लागतो?
मी माणदेशातला.
आमचं पाणी आलं तर वरून येतं,
गेलं की गेलं.
ते कुणाला विचारून येतं-जातं
हे आम्ही चंद्राला कधी विचारलं नाही.

तिनं टोपलीच्या कडेवर बोट आपटलं.
"तिथीची पावनपट कर. आज पंचमी.
पाच पावनं?"
पावणेचार, मी म्हणालो. शाळेतली पाऊणकी
तीस वर्षांनी तोंडात आली.
"ती बंदराची भरती. हितं यायला अर्धा तास जास्ती.
सासूच्या टायमाला पावच लागायचा.
आता भराव झालं, पूल झालं,
पान्याला वाट पुसत यावं लागतं."

तीस मिनिटं. मी घातली.
रेघ थरथरली, सरकली,
आणि सव्वाचारवर माथा टेकला.
ती बराच वेळ बघत राहिली,
ओळखीच्या माणसाचा फोटो बघावा तशी.

"गजर पाच आहेत. निघायच्या वेळेला लावू?"
"निघायला कशाला? निघायला पाय आपसूक उठतं.
परतायला लाव. साडेअकरा."
कालवं काढताना मान खाली असते,
पाणी पाठीमागून भरतं,
तिवरांच्या मुळांतून, आवाज न करता.
जावेचं नाव तिनं घेतलं
आणि पदराला लागलेला खवला काढत बसली.

मी सांगितलं, रोज गजर
पाऊण तास पुढं घ्यावा लागेल, हातानं.
याला भरती कळते, गजर कळतो,
एकाचं दुसऱ्याला कळत नाही.
"सख्खं भाव हायत म्हन की."

शिंपल्यांनी चिरलेला तिचा अंगठा
बटणावर मावेना.
काडेपेटीतली काडी दिली दाबायला.
ती तिनं आंबाड्यात खोचली.

साडेअकराला मी कुणाच्या तरी पट्ट्याला
भोक पाडत होतो.
खणात चाळीस घड्याळं, चाळीस वेळा.
एकही वाजलं नाही.
खाडी इथून पाच मिनिटांवर, आवाज डासाएवढा,
ऐकू येणार नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत?
टोच्या हातात धरून थांबलो.
गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं?
काही नाही.

एकच्या सुमाराला ती समोरून गेली.
टोपली डोक्यावर, हात कोपरापर्यंत चिखलाचे,
घड्याळाची काच तेवढी पुसलेली.
न थांबता ओरडली,
"उद्याला सव्वाबारा ना रं?"
मी आधी मान हलवली.
मग बोटांवर मोजलं.